मॉर्फिनची भीती

"मॉर्फिन म्हणजे आता काही खरं नाही का, डॉक्टरसाहेब?" नळदुर्गच्या ओपीडीत कर्करुग्णाचे नातेवाईक हे हमखास विचारतात. तसे नाही. वेदना तीव्र असेल तर कर्करोगाचे उपचार चालू असतानाही मॉर्फिन देतात. साधी गोळी दर चार तासांनी, दुखण्याची वाट न पाहता घ्यायची. सोबत बद्धकोष्ठतेचे औषध हवेच. २०१४ च्या कायदादुरुस्तीने रुग्णालयांना अनेक परवान्यांऐवजी औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरेशी केली. पण चिठ्ठी लिहून काम संपत नाही. सिस्टर वेदनेला दहापैकी गुण विचारून नोंदवतात, फार्मासिस्ट गोळ्यांचा हिशेब ठेवतात. आणि सवय लागेल या धास्तीने घरच्यांनी रात्रीची गोळी दिलीच नाही, हे कळते ते आशाताईंना. डोस वाढवण्याआधी मी त्यांनाच विचारतो.