बडोद्याची मराठी

पुण्यात नोकरीला लागल्यापासून एक प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो, “तू नक्की मराठी की गुजराती?” मी खिडकीला ‘बारी’ म्हणते, भाजीला कधी ‘शाक’ म्हणते आणि माझ्या आमटीत गूळ जरा जास्त पडतो, म्हणून हा प्रश्न. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या तुमच्यापैकी अनेकांनी तो ऐकला असेल. यंदा दिवाळीआधी आठ दिवस बडोद्याला राहून आले आणि त्याचं उत्तर मला गावातच सापडलं.

जाण्याचं निमित्त तसं आनंदाचं नव्हतं. दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर पाडून तिथे नवी इमारत होणार आहे आणि आजी काकांकडे मांजलपूरला राहायला जाणार आहे. मी सामान आवरायला गेले होते, पण आजीचा बेत वेगळाच होता. “भांडी कुठे पळून जात नाहीत. आधी माझ्याबरोबर गावात चल. पुढच्या वर्षी माझे गुडघे साथ देतील की नाही, कोण जाणे!”

पहिल्या दिवशी तिने मला तांबेकर वाड्यात नेलं. भाऊ तांबेकर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा लाकडी वाडा. आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. कुठे कृष्णलीला, कुठे महाभारत, कुठे मराठे-इंग्रजांची लढाई, तर कुठे चक्क गोऱ्या मडमा. आपल्याकडे कोण आलं आणि आपण काय पाहिलं, ते सगळं या घराने भिंतीवर उतरवून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी मांडवीजवळचं सेंट्रल लायब्ररी. सयाजीराव महाराजांनी 1910 साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर वाचनालयांचं जाळं उभारलं. पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरत असत. इथे कपाटांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, त्यामुळे वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोचतो. बायकांसाठी वेगळा विभाग होता. “माझी आई तिथून पुस्तकं आणायची,” आजी म्हणाली. “एक मराठी, एक गुजराती. दुपारी दोन्ही वाचून व्हायची.”

मग मला आठवलं, याच महाराजांनी 1931 साली ‘श्री सयाजी शासन कल्पतरू’ नावाचा कारभाराच्या शब्दांचा कोश काढून घेतला होता. त्यात इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, फारसी असे प्रतिशब्द शेजारीशेजारी मांडलेले आहेत. महाराज स्वतः नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. 1875 साली दत्तक म्हणून बडोद्याला आले आणि गुजराती रयतेचे राजे झाले. 1906 साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सगळ्या राज्यात सक्तीचं केलं. बडोद्यात भाषांचं असं शेजारपण पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. माझ्या तोंडातली ‘बारी’ तिथूनच आली. ती माझ्या मराठीला लागलेला डाग नाही, माझ्या गावाची खूण आहे.

नंतर रिक्षाने कीर्तिमंदिरात गेलो. गायकवाड घराण्याच्या या स्मारकात बंगालच्या नंदलाल बोसांनी गंगावतरण, मीराबाई आणि महाभारत रंगवलंय. मराठी राजांच्या स्मृतिमंदिरात, गुजरातेत, बंगाली चित्रकाराने काढलेली राजस्थानची मीरा! आजी बराच वेळ तिच्यासमोर उभी होती. बाहेर पडल्यावर म्हणाली, “आता सेवउसळ.” हीसुद्धा बडोद्याचीच. वाटाण्याची उसळ, वर शेव, कांद्याची पात, झणझणीत तरी आणि सोबत पाव. आजीने तरी दोनदा मागून घेतली, तीसुद्धा अस्सल गुजरातीत.

घर वाचवता येणार नाही. जिना मोडकळीला आलाय, भिंती ओल धरतात आणि आजीला एकटीला तिथे ठेवणं धोक्याचं आहे, हे आम्हा सगळ्यांना पटतं. पण तिच्याबरोबर फिरताना कळलं की घराबरोबर आणखीही काही निघून जातं. कुठल्या पोळीत कोण राहत होतं, गणपतीची मिरवणूक कुठून सुरसागरावर यायची, शेजारच्या बेनने उंधियू कसा शिकवला, हे सगळं फक्त तिला ठाऊक आहे. म्हणून रोज रात्री फोनवर तिचं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं. सात रात्रींत सुमारे नऊ तास भरले. मांजलपूरला गेल्यावर पुढचं सांगायचं तिने कबूल केलंय.

तुमचं गाव इंदूर असेल, ग्वाल्हेर असेल, बेळगाव किंवा हैदराबाद असेल. पुढच्या सुट्टीत घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला सोबत घेऊन एक फेरी मारा. गाडी नको. त्यांच्या चालीने चाला आणि ते थांबतील तिथे थांबा.