रुमाल टाकून धरलेली जागा

हिंगण्याहून नागपूरला निघालेल्या एसटीची गर्दी आठवा. खिडकीतून रुमाल आत टाकायचा आणि जागा धरायची. मागून आलेला माणूस कितीही दांडगा असो, रुमाल पाहून पुढे सरकतो. भगिनींनो, टॅमॉक्सिफेन नावाची गोळी शरीरात हेच काम करते. स्तनाच्या कॅन्सरवर ती देतात.

आधी जागा कोणाची, ते पाहू. बाईच्या बीजकोशात इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार होते. रक्तातून ते सगळीकडे फिरते, पण त्याचा हुकूम चालतो तो गर्भाशय, स्तन, हाडे अशा ठिकाणी. तिथल्या पेशींत त्याला बसायला खोबण असलेले एक प्रथिन असते. त्याला ग्राही म्हणतात. १९५८ च्या सुमारास शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांना त्याचा माग लागला. बीजकोश काढल्यावर स्तनाची गाठ आटते, हे मात्र स्कॉटलंडच्या बीटसन या शल्यवैद्यांनी १८९६ सालीच लिहून ठेवले होते. का आटते, ते त्यांना ठाऊक नव्हते.

पुष्कळजण इथे कुलूप-किल्लीचा दाखला देतात. मला तो अपुरा वाटतो. घरातली पत्र्याची पेटी घ्या. आत विळा ठेवला तर झाकण नीट बसते. इस्ट्रोजेन खोबणीत बसले की ग्राहीचा एक भाग असाच झाकणासारखा बसतो. त्या बसलेल्या झाकणाला मदतनीस प्रथिने येऊन चिकटतात आणि पेशीला 'वाढ' असा हुकूम सुटतो. आता त्याच पेटीत लांब दांड्याची कुऱ्हाड ठेवा. दांडा बाहेर राहतो, झाकण बसत नाही. टॅमॉक्सिफेनला असाच एक दांडा आहे. ते जागा अडवते, पण हुकूम सुटू देत नाही. १९९७-९८ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने शास्त्रज्ञांनी हा आकारच पाहिला.

म्हणून गाठीचा तुकडा तपासताना डॉक्टर 'ईआर' पाहतात. ग्राही असेल तरच या गोळीचा उपयोग. नसेल तर ती व्यर्थ. शेजारणीची गोळी आपल्याला चालेल असे समजू नका.

खरा घोटाळा पुढे होतो. ऑपरेशन झाले, जखम भरली, दुखत काही नाही. मग रोज गोळी कशाला, असे वाटते. सोयाबीन काढणीला आले, कापूस फुटला, गोळ्या आणायला कोण जाणार? रुमाल उचलला की जागा मोकळी. शरीरात दडून राहिलेल्या पेशींना इस्ट्रोजेन पुन्हा मिळू लागते. पाच वर्षे नेमाने गोळी घेतल्यास या जातीच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. काहींना डॉक्टर दहा वर्षेही घ्यायला सांगतात.

त्रास होतच नाही असे नाही. अंगाची लाही होते, घाम सुटतो. शिवाय गर्भाशयातले मदतनीस वेगळे असल्याने तिथे हीच गोळी थोडी इस्ट्रोजेनसारखी वागते. पाळी थांबल्यावर अंगावरून रक्त गेले तर लाजून बसू नका, डॉक्टरांना सांगा. गरोदरपणी ही गोळी चालत नाही. पाळी कायमची गेलेल्या बायांना पुष्कळदा लेट्रोझोलसारखी दुसरी गोळी देतात. ती जागा अडवत नाही, इस्ट्रोजेन तयार होणेच रोखते.

या कुळातली एक गोळी तुमच्या ओळखीची असेल. आशाताई देतात ती 'छाया'. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तिचा शोध लागला, १९९१ मध्ये ती 'सहेली' नावाने बाजारात आली. तीही याच खोबणीत बसते, पण काम पाळणा लांबवण्याचे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. तिने कॅन्सरचा इलाज होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

काखेत किंवा स्तनात गाठ हाताला लागली, तर दुखत नाही म्हणून सोडू नका. अशा गाठी सुरुवातीला बहुधा दुखतच नाहीत. डिगडोहच्या टेकडीवर लता मंगेशकर रुग्णालय आहे, नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, वर्धा रोडवर जामठ्याला कॅन्सर संस्था आहे. जाताना जुने सगळे कागद सोबत न्या, आणि तपासणीचा 'ईआर' लिहिलेला कागद सातबाऱ्याच्या पिशवीतच जपून ठेवा.