केकच्या भांड्यावरचा चिवट थर

भिलाईत पहिली झोतभट्टी पेटली १९५९ साली. शहर पोलादावर उभं राहिलं, पण घरातलं केकचं भांडं मात्र बहुधा अ‍ॅल्युमिनियमचं असतं. ते घासायला घेण्याआधी धातू कोणता, हे पाहिलंच पाहिजे.

भांड्याच्या काठाला बसलेला तपकिरी थर म्हणजे नुसतं तेल नव्हे. तापलेल्या तेलाचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनमुळे एकमेकांत गुंफतात आणि वार्निशसारखा कडक पापुद्रा तयार होतो. साबणाला तो दाद देत नाही. स्टीलच्या भांड्यात गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवलं, की सकाळी काथ्याने थर सुटू लागतो.

अ‍ॅल्युमिनियमला हा सोडा मुळीच लावू नये! धातू झिजतो, भांडं काळवंडतं. त्याला गरम साबणपाण्यात भिजवून लाकडी उलथन्याने हलकेच खरवडावं. काळपटपणा उरलाच तर लिंबाच्या साली घालून पाणी उकळावं.

बेकरीतले नानकटाईचे काळेकुट्ट लोखंडी पत्रे मात्र चकचकीत करण्याच्या फंदात पडू नये. तो गुळगुळीत काळा थर गंज रोखतो, नानकटाई चिकटू देत नाही. पत्रा पुसून, कोरडा करून तेलाचा हात फिरवला की पुरे.