कामाच्या जागेतून सुरू झालेली धाव: हौशी क्लबांचा इतिहास आणि आपण

जालना म्हटलं की सळई आणि बियाणं आठवतं. पण कामगारांनी काम संपल्यावर एकत्र धावावं, त्यासाठी क्लब काढावा, असं सांगितलं तर अनेकांना नवल वाटेल. खरं तर जगभर खेळाचे कितीतरी क्लब कामाच्या जागेतूनच उभे राहिले. लंडनचा आर्सेनल क्लब १८८६ मध्ये शस्त्रांच्या कारखान्यातल्या कामगारांनीच सुरू केला.

धावण्यात मात्र कामगारांसमोर भिंत होती. इंग्लंडमध्ये १८६६ मध्ये स्थापन झालेल्या हौशी धावपटूंच्या क्लबने कारागीर आणि मजुरांना ‘हौशी’ मानायलाच नकार दिला. हातांनी काम करणारा माणूस साहेब लोकांबरोबर धावणार कसा, हा त्यामागचा विचार. १८८० मध्ये नवी राष्ट्रीय संघटना आली आणि ही अट गेली. मग मैदान सगळ्यांसाठी खुलं झालं.

आपल्याकडे रस्ता वेगळा होता. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. त्यांना पाठवण्यामागे पुण्याचं डेक्कन जिमखाना आणि त्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा होते. पण प्रत्येक गरीब खेळाडूला टाटा कुठून मिळणार? त्याला आधार हवा होता तो पगाराचा. १९२८ मध्ये रेल्वेने कर्मचाऱ्यांच्या खेळासाठी संघटना उभी केली. पोलीस, फौज, बँका यांनीही तेच केलं. नोकरी पोट भरायची आणि खेळही चालू राहायचा.

याचा फायदा किती, ते दोन नावांवरून कळतं. मिल्खा सिंग फौजेत भरती झाल्यावर सिकंदराबादला जवानांच्या क्रॉस-कंट्री शर्यतीत धावले, तिथूनच त्यांची सुरुवात झाली. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे यांनाही शर्यतीची वाट फौजेतल्या क्रॉस-कंट्रीनेच दाखवली. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेतलं. दोघांनाही आधी नोकरी मिळाली, मग मैदान.

इथेच आपला प्रश्न येतो. असे क्लब कायम नोकरीशी बांधलेले असतात. जो ठेकेदाराकडे रोजावर आहे, ज्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्याला कुठला क्लब? आणि आपली पोरं-पोरी पोलीस भरतीची तयारी करतात तेव्हा मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. पहाटे अंधारात, हायवेच्या कडेला, कुणी सांगणारा नाही, अशी एकट्याने तयारी करणं धोक्याचं आहे.

म्हणून जे काम कारखान्याने केलं नाही, ते मोहल्ल्याने करावं असं आम्हाला वाटतं. त्याला मोठा खर्च लागत नाही. फजरनंतरची एक ठरलेली वेळ, गाड्यांपासून दूर एखादं मैदान, वेळ मोजायला एक घड्याळ आणि पूर्वी भरती दिलेला एखादा भाई किंवा आपा, एवढ्यावर सुरुवात होते. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवली तर घरचे निर्धास्तपणे पाठवतील. रात्रपाळीवाल्यांसाठी संध्याकाळची तुकडी करता येईल.

कधीकाळी मजुराला ‘तू हौशी नाहीस’ म्हणून बाहेर ठेवलं होतं. आज तसा नियम नाही, पण सोय नसली तर परिणाम तोच होतो. ती सोय करणं आपल्या हातात आहे.