चिमूटभर सिरियम, टनभर पोलाद

नागपूरहून गोंदियाकडे जाताना भंडारा रोड स्टेशन लागतं. नाव भंडाऱ्याचं, पण स्टेशन वरठीत आहे. जवळच सनफ्लॅगचा पोलाद कारखाना. इथलं अलॉय स्टील वाहन उद्योगाला जातं. आता तुमच्या बाइकचा क्रँकशाफ्ट आठवा. तोही अशाच पोलादाचा असतो. भर वेगात तो तुटला तर?

पोलादाचा जुना शत्रू म्हणजे गंधक. ते लोखंडाशी जुळलं की तापवून लाटताना पोलादाला चिरा पडतात. म्हणून त्यात मँगनीज घालतात. त्याच्या खाणी आपल्याच जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात आहेत: चिखला आणि डोंगरी बुजुर्ग. मँगनीज गंधकाला धरून ठेवतं, पण त्यातून तयार होणारे कण मऊ असतात. पोलाद लाटलं की तेही लांबट होतात. मग बांबूसारखी गत होते. लांबीच्या दिशेने मजबूत, आडवा ताण आला की कच्चं.

इथे ‘रेअर अर्थ’, म्हणजे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं, कामाला येतात. त्यातलं सिरियम तुम्ही पाहिलंय. लायटरच्या खड्यातून उडणारी ठिणगी त्याचीच. वितळलेल्या पोलादात सिरियम आणि लँथेनम अगदी थोडं घातलं की ते गंधक आणि ऑक्सिजनला पकडतात. हे कण कठीण असतात, लाटल्यावरही बरेचसे गोलच राहतात. घाण सगळी जात नाही, पण तिचा आकार बदलतो. तेवढ्यानेही पोलाद सुधारतं.

बिडाचंही तसंच. बिडाचा तवा पडला की तडकतो, कारण आतलं ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखं असतं. 1948 मध्ये ब्रिटनमध्ये सिरियम घालून ते गोळ्यांच्या रूपात आणता येतं हे दाखवलं गेलं. आज हे काम मुख्यतः मॅग्नेशियम करतं. सोबत किंचित रेअर अर्थ घालतात. भंगारातून आलेल्या शिसं, टायटॅनियमचा त्रास त्याने आवरतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीत ‘एसजी आयर्न’ म्हणतात ते हेच.

मग सगळीकडे हेच का वापरत नाहीत? कारण मात्रा. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर ओतकामात नोझलच तुंबतं. त्यामुळे पोलादात अनेक ठिकाणी हे काम कॅल्शियमवर भागवतात.

पण गंमत पाहा. सिरियम दुर्मिळ नाहीच, जमिनीत ते साधारण तांब्याइतकं आहे. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनारी वाळूतल्या मोनाझाइटमध्ये ते मिळतं. मोटारींच्या चुंबकांसाठी निओडिमियम काढताना सिरियम सोबत निघतंच, आणि त्याला तेवढं गिऱ्हाईक नसतं. नेमकी मात्रा, नेमक्या क्षणी, नोझल न तुंबता कशी घालायची, हे ज्याला जमेल त्याला काम आहे.

मेटलर्जी म्हणजे ‘उरलेली ब्रँच’ असं कुणी म्हणालं, तर त्याला एकदा वरठीला उतरवा.