काउंटरमागचा ताण : मॉल व सुपरमार्केटमधील कर्मचाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

"तीन महिने ॲसिडिटीची गोळी चालू आहे, पण फरक नाही," अशी तक्रार घेऊन एक तरुण रुग्ण आली. मोठ्या सुपरमार्केटमध्ये ती बिलिंगला बसते. बसते म्हणायचे एवढेच, दिवसभर उभीच असते. जेवण किती वाजता? "गर्दी ओसरली की. कधी तीन, कधी साडेचार." पाणी मुद्दाम कमी पिते, कारण काउंटर सोडून बाथरूमला जायला कोणीतरी जागेवर यावे लागते. आणि रात्री डोळे मिटले तरी स्कॅनरचा आवाज कानात असतो.

ॲसिडिटीच्या या गोळ्या साधारणपणे जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायच्या असतात. जेवणाचीच वेळ ठरलेली नसेल, तर गोळी तरी काय करणार?

ताण शरीरात कसा उतरतो?

गिऱ्हाईक अंगावर ओरडले की ॲड्रिनलिन वाढते, छाती धडधडते, मान-खांदे आखडतात. एरवी आपण उलट बोलतो किंवा तिथून निघून जातो. इथे मात्र हसून "सॉरी सर" म्हणायचे आणि पुढचे बिल करायचे. आतून एक वाटत असताना चेहऱ्यावर दुसरेच ठेवणे हेही श्रमच आहेत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये त्याला 'भावनिक श्रम' असे नाव दिले. दिवसातून अनेकदा असे झाले की डोकेदुखी, मानदुखी, पोटाच्या तक्रारी, चिडचिड सुरू होते. त्यात टार्गेट, कॅश जुळेल की नाही ही धास्ती आणि दर आठवड्याला बदलणारी शिफ्ट. सतत उभे राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त साचते, घोटे सुजतात, काहींना व्हेरिकोज व्हेन्सचा त्रास होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ला कामाशी संबंधित अवस्था म्हटले आहे, आजार नव्हे. सततचा थकवा, कामाबद्दल तुटलेपण आणि 'आपल्याच्याने होत नाही' ही भावना ही त्याची लक्षणे. सुटीच्या दिवशीही बरे वाटत नसेल, आवडत्या गोष्टींत मन लागत नसेल, तर मात्र नैराश्य आहे का ते तपासायला हवे.

काय करता येईल?

मोठ्या सुटीची वाट पाहू नका. केळे, फुटाणे किंवा चपातीचा रोल असे पाच मिनिटांत संपेल ते खाणे जवळ ठेवा. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे. लघवी रोखून धरण्याची सवय तर नकोच, त्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. चिडलेल्या ग्राहकासाठी एक वाक्य आधीच ठरवून ठेवा : "मी सुपरवायझरना बोलावते, ते मार्ग काढतील." तो गेल्यावर श्वास हळू आत घ्या आणि त्याहून सावकाश सोडा, असे पाच-सहा वेळा. घरी आल्यावर पंधरा मिनिटे पाय उशीवर ठेवून पडा.

घरच्यांना एक विनंती. ती दारातून आत आल्या आल्या भाजी काय करायची ते विचारू नका. दिवसभर लोकांशी बोलून आलेल्या माणसाला थोडा वेळ गप्प बसू द्या.

अर्थात, सगळा भार कर्मचाऱ्यावर टाकणे मला पटत नाही. वर्षातून एकदा योग शिबिर भरवण्यापेक्षा काउंटरमागे एक स्टूल आणि जेवणाची ठरलेली वेळ यांचा उपयोग जास्त. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे कायद्यानेच बंधनकारक केले.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, सतत उदास वाटत असेल, दारू किंवा तंबाखू वाढली असेल तर जा. झोपेच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. छातीत दुखणे 'टेन्शनमुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका, लगेच तपासून घ्या. जगणे नकोसे वाटत असेल तर आजच कोणाला तरी सांगा. टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतूनही.

तपासणीला येताना गेल्या आठवड्यातल्या शिफ्टच्या आणि जेवणाच्या वेळा कागदावर लिहून आणा. आम्हाला त्यातून पुष्कळ कळते.