बेसिनखालचे लाकूड टिकवायचे तर...

न्हाणीघरात संगमरवर किंवा ग्रॅनाइटच हवे, हा दंडक आता सैल झाला आहे. जुन्या घराच्या तुळईतून निघालेल्या सागवानाच्या फळ्या जोडून त्यावर वाडग्याच्या आकाराचे बेसिन बसविण्याची हौस शहरी घरांत दिसते. पहिला पावसाळा सरला की मात्र तक्रारी सुरू होतात. जोड उकलतात, नळाभोवती काळे डाग पडतात, पॉलिशचे पोपडे निघतात. दोष लाकडाला दिला जातो. वास्तविक जहाजांच्या डेकसाठी शतकानुशतके वापरले गेलेले हे लाकूड आहे. बहुतेक वेळा फसतो तो गोंद, किंवा नजरेआड राहिलेल्या, पॉलिशच न लागलेल्या कडा.

लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते. ५० सेंटिमीटर रुंदीच्या सागवानी ओट्यातील ओलावा पाच टक्क्यांनी वाढला, तर त्याची रुंदी सुमारे अडीच ते साडेचार मिलिमीटरने वाढते. लांबीत मात्र नगण्य फरक पडतो. कोकणपट्टीत उन्हाळा आणि आषाढ यांदरम्यान एवढा फरक सहज पडू शकतो. गोंद निवडताना पाण्याइतकाच या हालचालीचा विचार करावा लागतो.

जुन्या सुतारकामातील सरस इथे बाद. तो पाण्यात पुन्हा मऊ होतो. सर्वजण सरसकट ‘फेव्हिकॉल’ म्हणतात त्या पांढऱ्या गोंदाचा नेहमीचा प्रकार कपाटासाठी उत्तम, पण सतत भिजणाऱ्या जागी अपुरा. त्यातील पाणीरोधक प्रकार वेगळे मिळतात. ते डब्यावर वाचूनच घ्यावेत. युरोपीय मानकात अशा गोंदांचे ‘डी १’ ते ‘डी ४’ असे चार वर्ग असून वारंवार आणि दीर्घकाळ पाणी साचणाऱ्या जागेसाठी ‘डी ४’ सांगितला आहे. दोन भाग मिसळून वापरायचे इपॉक्सी त्याहून भरवशाचे. जोडात बारीक फट राहिली तरी ते ती भरून काढते. मात्र शिकंजा फार आवळल्यास सगळे इपॉक्सी बाहेर येते आणि जोड कोरडा राहतो. पॉलियुरेथेन गोंद फेसाळून फट भरल्यासारखी दाखवतो, पण त्या फेसात ताकद नसते.

सागवान तेलकट असते, हे विसरून चालत नाही. रंधा मारल्यानंतर जोडाच्या कडा अ‍ॅसिटोनने पुसून, ते उडून जाताच लगेच गोंद लावावा. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबल्यास तेल पुन्हा वर येते.

पॉलिशच्या बाबतीत लाखेचे फ्रेंच पॉलिश दिसायला सर्वांत देखणे आणि इथे सर्वांत कुचकामी. पाण्याने त्यावर पांढरी वर्तुळे उमटतात आणि अल्कोहोलमध्ये ते विरघळते. आफ्टरशेव्हची सांडलेली बाटली पुरेशी आहे. मेलामाइन कडक आणि चकचकीत, पण ठिसूळ. जोडाशी लाकूड हलले की त्याला केसासारखी चीर जाते, पाणी आत शिरते आणि थर सुटू लागतो. हार्डनर मिसळून लावायचे पीयू अधिक चिवट असल्याने आमच्या मते ओल्या ओट्यासाठी तेच पहिल्या पसंतीचे. खर्च अधिक आणि पुढे दुरुस्ती करायची तर घासाघीस बरीच, ही त्याची बाजूही आहे. हार्डनरची वाफ श्वसनास घातक असल्याने हे काम बंद न्हाणीघरात न करता उघड्यावर, योग्य मास्क लावून करवून घ्यावे, आणि शक्यतो पावसाळ्यात नकोच. टंग तेलासारखे लाकडात मुरणारे तेल लावल्यास पोपडे निघत नाहीत आणि डाग पडला तेवढाच भाग घासून पुन्हा तेल लावता येते. पण तो हात वरचेवर फिरवावा लागतो. सुकणाऱ्या तेलाने माखलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. सुकताना त्या तापून आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात.

पॉलिशवाला वरचा पृष्ठभाग आरशासारखा करून देतो आणि ओट्याची खालची बाजू कोरडीच सोडतो. मग एका बाजूने ओलावा शिरून फळी वाकते. वर जेवढे हात, तेवढेच खाली हवेत. नळासाठी पाडलेले भोक आणि बेसिनच्या निचऱ्याचा काप यांची काळजी त्याहून अधिक घ्यावी. तिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडे उघडी पडतात आणि ती रुंदीच्या दिशेपेक्षा कित्येक पटींनी वेगाने पाणी शोषतात. या कडांना पातळ इपॉक्सीचे दोन-तीन हात पाजून मगच पॉलिश द्यावे. प्लंबरने आयत्या वेळी भोक मोठे केल्यास ही सारी मेहनत वाया जाते. म्हणून नळ आणि बेसिन आधी आणून, भोके पाडून घेऊनच पॉलिशला सुरुवात करावी.

ओटा खालच्या चौकटीला गोंदाने चिकटवू नये. स्क्रूची भोके रुंदीच्या दिशेने लांबट ठेवली, तर लाकडाला हलायला वाव राहतो. भिंतीलगतची आणि बेसिनभोवतीची फट सिलिकॉनने भरावी. सिमेंट तिथे तडकते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन शेजारच्या संगमरवराला आणि धातूला अपायकारक ठरू शकते, म्हणून ‘न्यूट्रल’ प्रकार मागावा.

नंतरची तपासणी सोपी आहे. ओट्यावर पाण्याचे चार थेंब टाकून दहा मिनिटांनी पुसावेत. खालचे लाकूड गडद दिसले, तर पुढचा पावसाळा येण्याआधी पॉलिशवाल्याला बोलवावे.